कुठून सुटलास?

मंडळी, गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. आळस हे कारण नेहमीचंच, पण या वेळी त्याच्या जोडीला अप्रेझल होतं. आमच्याकडे हा सीझन आला की माणसं हळू आवाजात बोलायला लागतात आणि कँटीनमध्ये चहा जास्त खपतो. मला मात्र या सगळ्यात एका रेसची आठवण येत होती. मोटारींची रेस, तीही भर थंडीत, छपराखाली, मातीवर. संबंध काय म्हणाल, तर जरा धीर धरा. शेवटी जुळवतो. नाहीच जुळलं तर शिव्या घाला :-)

तर झालं असं, की जानेवारी २०२४ मध्ये मी प्रोजेक्टच्या कामाने सहा आठवडे टल्साला होतो. टल्सा म्हणजे अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं, एके काळी तेलावर श्रीमंत झालेलं शहर. ऑनसाइट म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर कॅलिफोर्निया असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जानेवारीत ओक्लाहोमाला जाऊन यावं. तापमान शून्याच्या बरंच खाली, वारा असा की कान गळून पडतील, आणि शनिवारी करायला काही नाही. क्लायंटकडच्या एकाने विचारलं, "चिली बोलला येतोस का?" मला वाटलं, जेवण आहे. चिली म्हणजे तिकडचा राजमा-खिम्याचा तिखट रस्सा. भूक होतीच, हो म्हणालो.

निघाली रेस. नावातली चिली मात्र खरंच खाण्यातली. १९८७ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला प्रायोजक चिली बनवणारी एक स्थानिक कंपनी होती. नाव चिकटलं ते चिकटलं.

ही रेस हिवाळ्यातच का, याचं कारण साधं आहे. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात गावोगावी मातीचे छोटे लंबगोल ट्रॅक आहेत. मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे दर आठवड्याला शर्यती चालतात. मग माती गोठते आणि ट्रॅक बंद. गॅरेजमध्ये गाडी, घरात माणूस, आणि दोघांनाही गंज चढतोय. यावरचा इलाज म्हणजे ट्रॅकच घरात आणायचा. टल्साच्या एक्स्पो स्क्वेअरमध्ये १९६६ साली तेल उद्योगाच्या प्रदर्शनासाठी बांधलेला एक प्रचंड हॉल आहे. सुमारे साडेतीन लाख चौरस फूट, म्हणजे आठ एकर, आणि मध्ये एकही खांब नाही. दारात पाऊणशे फूट उंचीचा सोनेरी तेलकामगार उभा आहे, गोल्डन ड्रिलर. दर हिवाळ्यात या हॉलमध्ये ट्रकच्या ट्रक भरून चिकणमाती ओततात, रोलर फिरवतात, पाणी मारतात आणि सुमारे पाव मैलाचा ट्रॅक तयार करतात. सगळ्या गाड्यांचे पिटही त्याच छपराखाली. जिंकणाऱ्याला त्या तेलकामगाराची छोटी प्रतिकृती मिळते. रेसर मंडळी तिला नुसतं 'ड्रिलर' म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात.

छपराखाली गाड्या पळवणं तसं नवं नाही. १९३० च्या दशकात शिकागोत लष्कराच्या कवायत हॉलमध्ये या शर्यती व्हायच्या. १९७८ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता मारिओ आंद्रेत्ती ३ मार्च १९६२ ला न्यू जर्सीतल्या टीनेक इथे अशाच एका कवायत हॉलमध्ये याहूनही छोट्या गाडीत जिंकला होता, आणि तिथून त्याचं नाव व्हायला लागलं. पण आज या प्रकारातली पंढरी म्हणजे टल्सा.

आता गाडीबद्दल. तिला 'मिजेट' म्हणतात. माणसांसाठी वापरला तर हा शब्द आज अपमानकारक समजला जातो, आणि तो तसा आहेच. गाडीला मात्र १९३० च्या दशकापासून चिकटून बसलाय. यातली गंमत म्हणा, सूड म्हणा, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं ड्रिलर नेला तो रिको अब्रेऊने, आणि त्याची उंची आहे चार फूट चार इंच. मी आपलं बुटकी गाडी म्हणतो. वजन चारशे किलोच्या वर थोडं, म्हणजे आपल्या अल्टोच्या निम्म्याच्या आसपास, आणि ताकद अल्टोच्या किमान पाचपट. इंजिन चार सिलिंडरचं, इंधन मेथॅनॉल. क्लच नाही, बदलायला गिअर नाहीत, स्टार्टर नाही. मागून दुसऱ्या गाडीने ढकलायचं, मग ती खोकत खोकत जिवंत होते. वळायचं फक्त डावीकडे, त्यामुळे उजवं मागचं चाक मुद्दाम मोठं. आणि वळणावर गाडी इतकी आडवी होते, की डावीकडे वळताना पुढची चाकं उजवीकडे बघत असतात. एक फेरी पंधरा सेकंदांच्या आत. बंद हॉलमध्ये अशा वीस गाड्या एकदम सुटल्या की काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण. जत्रेतला मौत का कुआँ आठवा, आणि आपण त्या कुव्याच्या आत बसलोय असं समजा. मेथॅनॉलच्या धुराने डोळे चुरचुरतात, घरी गेल्यावर नाकातून माती निघते. तरी लोक आठवडाभर बसतात.

पण मला जे सांगायचंय ते गाडीबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे.

१९८७ ला ५२ गाड्या होत्या आणि रिच व्होगलर जिंकला. अलीकडे तीनशेच्या वर गाड्या येतात. शनिवारच्या फायनलला, म्हणजे 'ए-मेन'ला, जागा असतात फक्त दोन डझन. आपल्या डोक्याने विचार केला तर काय करू? कट-ऑफ लावू. वरचे दोन डझन ठेवू, बाकीच्यांना 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. यांनी तसं केलेलं नाही. सोमवार ते शुक्रवार रोज रात्री एकेका गटाची पात्रता फेरी होते. शनिवारी सकाळी सगळे परत येतात, आणि अगदी तळाचे धरून सगळ्यांच्या शर्यती लागतात. ए-मेनच्या खाली बी, बीच्या खाली सी, असं करत ई, एफ, जी, अजून खाली. जितक्या गाड्या जास्त, तितकी अक्षरं जास्त. सकाळी तळाच्या अक्षरापासून सुरुवात होते. त्यातले पहिले काही वरच्या अक्षरात जातात आणि तिथे सगळ्यात शेवटी उभे राहतात. तिथून पुन्हा पुढे यायचं, पुन्हा वर, पुन्हा शेवटी. कागदावर बघितलं तर तळाचा माणूस रात्री फायनलमध्ये असू शकतो. प्रत्यक्षात फार थोडे जण दोन-तीन अक्षरांच्या वर जातात. पण "तू घरी जा" असं त्यांना कोणी आधी सांगत नाही. ज्याने मागे टाकलं त्याची पाठ स्वतःच्या डोळ्यांनी बघून माणूस घरी जातो.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हे एटीकेटीसारखं वाटेल. विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसू देतात, पण ते सोडवल्याशिवाय सुटका नाही. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं या सवलतीवर इंजिनिअर झाली आणि आज बरी कामं करतायत. नापास झाल्यावर पुढची परीक्षा ठेवणं ही दया नव्हे. ती मोजण्याचीच जास्त चांगली पद्धत आहे, असं माझं मत.

याहूनही मला आवडलं ते पात्रता फेरीचं गणित. तुम्ही हीटमध्ये कितव्या जागेवरून सुटणार हे चिठ्ठी काढून ठरतं. अगदी सोडत. आता सोडतीत पुढची जागा मिळाली त्याचं नशीब, मागची मिळाली तो मेला, असं होऊ नये म्हणून गुण दोन गोष्टींना देतात. एक, कितवा आलास. दोन, किती गाड्या ओलांडून आलास. त्यामुळे नवव्या जागेवरून सुटून दुसरा आलेला माणूस, पहिल्या जागेवरून सुटून पहिला आलेल्याला गुणांत मागे टाकू शकतो. मी स्टँडमध्ये बसून हे समजून घेतलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, काय डोकं आहे! दुसऱ्यांदा जे वाटलं ते जरा वेगळं होतं. सांगतो.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. गुडघ्यावर घोंगडी, कानाला मोठे इअरमफ, हातात पेन्सिल आणि यादी. त्यांचा पुतण्या पळत होता. दिवसा एसी दुरुस्त करायचं काम, संध्याकाळी गॅरेज. जी-मेनमधून एफमध्ये आला तेव्हा आजोबा उभे राहिले. एफमधून ईमध्ये आला तेव्हा मीही उभा राहिलो, ओळख ना पाळख. ईमध्ये मात्र गाडी अडकली, वर जायला दोन जागा कमी पडल्या, आणि त्याचा दिवस संपला. अजून अर्धा दिवस बाकी होता, खरे दादा लोक ट्रॅकवर यायचेच होते. मी सांत्वन करावं म्हणून म्हणालो, सहावा आला ना, वाईट वाटलं. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो असेन. म्हणाले, "सहावा आला हे मला दिसलं. सुटला कुठून ते बघितलंस का?" पंधरावा सुटला होता. नऊ गाड्या ओलांडल्या होत्या. यादीत त्यांनी '६' च्या आधी '१५' लिहिलेलं होतं. पूर्ण यादीत प्रत्येक नावापुढे दोन आकडे होते.

तिकडे ही रीतच आहे. गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर सगळ्यात जास्त गाड्या ओलांडणाऱ्याला 'हार्ड चार्जर' म्हणतात आणि कित्येक ठिकाणी त्याला वेगळं बक्षीस असतं. कितवा आलास या प्रश्नाच्या जोडीला कुठून सुटलास हा प्रश्न असतोच.

आता दुसऱ्यांदा काय वाटलं ते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, मी नुकताच लीड झालो होतो. टीम अकरा जणांची. बेल कर्व्हच्या हिशोबाने तळात एक नाव हवं होतं. मॅनेजर म्हणाला, तुझ्या टीमचं नाव तूच दे. मी एक्सेल उघडली. माझ्या टीममध्ये एक जण होता, आपण त्याला सदा म्हणू. वयाने माझ्यापेक्षा मोठा. आईच्या आजारपणात दोन वर्षं नोकरी सोडून घरी बसलेला आणि मग परत आलेला. त्याच्या गळ्यात पडलं होतं एक जुनं मोड्यूल, ज्याचं डॉक्युमेंटेशन नाही आणि लिहिणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला. वर्षभरात सदाने त्या मोड्यूलमधले बग निम्म्यावर आणले. पण निम्म्यावर आणूनही ते बाकीच्यांपेक्षा जास्तच होते. एक्सेलमध्ये 'सुटला कुठून' हा कॉलम नव्हता. 'कितवा आला' एवढाच होता. मी त्याचं नाव दिलं. मग तो ठरलेला सुधारणा-प्लॅन, ठरलेल्या सह्या, आणि काही महिन्यांत सदा गेला. जाताना माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आकडे बरोबर आहेत रे तुझे."

टल्साच्या त्या स्टँडमध्ये मेथॅनॉलमुळे सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

आता यावर कोणी म्हणेल, अमेरिकेतली हौशी मंडळी बघून भारावलाय. तसं नाही. या प्रकारातली वाईट बाजू मला दिसते. पहिली म्हणजे पैसा. चिठ्ठी सगळ्यांना सारखी, इंजिन सारखं नाही. चांगलं इंजिन हजारो डॉलरचं. मोठ्या टीम डझनभर गाड्या घेऊन येतात, आणि एसीवाला पुतण्या एक गाडी आणि एक काका घेऊन येतो. ड्रिलर जिंकणाऱ्यांची यादी काढा : टोनी स्टुअर्ट दोनदा, क्रिस्टोफर बेल २०१७ ते २०१९ सलग तीनदा, काइल लार्सन २०२०, २०२१ आणि २०२५ ला. सगळी नॅस्करची नावं. शिडी सगळ्यांना खुली असली तरी वरच्या पायरीवर बहुतेक तेच चेहरे असतात. तरीही २०२२ मध्ये केली ब्रायसन ही ए-मेन गाठणारी पहिली मुलगी ठरली, आणि तिला ती जागा कोणी कोट्यातून दिलेली नव्हती, ट्रॅकवर कमावलेली होती. पण म्हणून शिडीला समता म्हणणं खोटं ठरेल.

दुसरी वाईट बाजू म्हणजे जीव. २०१४ चा विजेता ब्रायन क्लॉसन २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससमधल्या एका मातीच्या ट्रॅकवर अशाच गाडीत उलटला आणि वारला. २७ वर्षांचा होता. २०१० ते २०१३ सलग चार वर्षं जिंकलेला केविन स्विन्डेल २०१५ मध्ये दुसऱ्या एका रेसमध्ये पाठीचा कणा दुखावून व्हीलचेअरवर आला. त्याचे वडील सॅमी ही स्पर्धा पाच वेळा जिंकलेले. पुढे केविनने टीम काढली, आणि २०२३ ला लोगन सीव्ही जिंकला तो त्याच्या गाडीत. (मी गेलो त्या २०२४ लाही सीव्हीच जिंकला.) हे ऐकायला छान वाटतं, पण पाय गेले ते गेले. शिडीला असलं काही मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट बक्षिसाची, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. कित्येक वर्षं पहिलं बक्षीस फक्त १०,००० डॉलर होतं. तीनशेच्या वर गाड्या, प्रत्येकाची प्रवेश फी, आठवडाभर भरलेला हॉल, आणि बक्षीस एवढंसं. लार्सनने ते कमी आहे असं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा त्याच्यावर टीका झाली, की हा श्रीमंत माणूस, याला काय पैशाची पडलीय. अलीकडे रक्कम वाढवली आहे. माझ्या मते लार्सन बरोबर होता. श्रीमंताने मागितलं म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, पण हे वाक्य नेहमी दुसऱ्याच्या हौसेवर पैसे कमावणाराच म्हणतो हे लक्षात घ्या. आयटीत काढलेल्या जागरणांना 'पॅशन' म्हणतात ना, तसंच. फक्त एक पुस्ती जोडेन. वाढवायचंच असेल तर पहिल्याचं नंतर वाढवा, आधी ई-मेन आणि एफ-मेनवाल्यांचा घरी परत जायचा डिझेलचा खर्च तरी निघू दे. कारण ए-मेन कुठेही भरवता येईल. बाकीचे तीनशे जण आहेत म्हणून टल्सा टल्सा आहे.

म्हणजे शेवटी माझं म्हणणं एवढंच. रँक लावू नका असं मी म्हणत नाही. रँक लावल्याशिवाय रेस होत नाही आणि बहुतेक कंपनीही चालत नाही. पण रँक लावायचीच असेल तर तीन गोष्टी टल्साकडून घ्या. सगळ्यांसमोर लावा. हरलेल्याला अजून एक फेरी द्या. आणि कुठून सुटला ते लिहा.

यंदा मी माझ्या एक्सेलमध्ये स्वतःहून एक कॉलम घातला : 'एप्रिलमध्ये कुठे होता'. मॅनेजरने तो फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून काढून टाकला. पण काढायच्या आधी वाचला, आणि अर्धा तास त्यावर बोलावं लागलं. तळाला जे नाव जाणार होतं ते वर सरकलं. खोटं कशाला बोलू, त्याच्या जागी दुसरं आलंच. बेल कर्व्हला कोणीतरी लागतंच. त्यात एफ-मेन नाही, दार आहे.

हे लिहायच्या आधी सदाला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो आता नाशिकला असतो, बरं चाललंय. मी कॉलमचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "चांगलं केलंस. तेव्हा घालायला हवा होतास."

बरोबर आहे त्याचं.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.